पासवर्डला दाखल क्रमांक

कोकणातल्या वाचनालयात दाखल नोंदवही, म्हणजे आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमांक देऊन चढवायची वही, कपाटाच्या वरच्या खणात असते. पावसाळ्यात फरशीला पाझर फुटतो आणि खालच्या खणातले कागद आधी बुरसतात, म्हणून. उघडली की रकाने ओळखीचे: दिनांक, दाखल क्रमांक, लेखक, ग्रंथनाम, प्रकाशक, आवृत्ती, पानं, किंमत, बिल क्रमांक आणि कडेला अरुंद ‘शेरा’. वीस रुपयांचा आरतीसंग्रह कुणी भेट दिला तरी त्याला क्रमांक मिळतो. पुस्तक हरवलं किंवा वाळवीने खाल्लं तर ओळ खोडायची नाही. शेऱ्यात लाल शाईने ‘बाद’ लिहायचं, ठरावाचा क्रमांक आणि तारीख टाकायची. १८२८ सालापासून चालत आलेलं रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय घ्या, सावंतवाडीचं श्रीराम वाचन मंदिर घ्या, नाहीतर वाडीवरची दोन खोल्यांची संस्था, ही शिस्त सगळीकडे एकच.

आता त्याच टेबलावर विचारा, की वाचनालयाचं फेसबुक पेज कोण चालवतं? उत्तर बहुधा असं येतं: ‘अमक्यांच्या झिलान (मुलाने) करून दिल्यान होता, तो आता पुण्याक असता.’ व्हॉट्सॲपचा नंबर कुणाच्या नावावर? मागच्या चिटणीसांच्या. ईमेलचा पासवर्ड? डायरीत होता, ती डायरी गेल्या वर्षी रद्दीत गेली.

आरतीसंग्रहाला क्रमांक आहे आणि संस्थेच्या नावाने जगाशी बोलणाऱ्या खात्याला नाही. ग्रंथालयातल्या माणसांना ‘ऑनलाइन’ शिकवायचं म्हणतात तेव्हा सुरुवात बटणांपासून होते. माझं मत असं, की ती या वहीपासून व्हावी. नोंद ठेवणं, हस्तांतर करणं, शेरा मारणं ही विद्या या लोकांच्या हाताला तीस-तीस वर्षं आहे. फक्त ती फोनला लागू होते, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

खात्यांपासूनच धरू. वाचनालयासाठी वेगळं सिमकार्ड हवं, आणि ते संस्थेच्या नावावर. नुसतं घेऊन भागत नाही. प्रीपेड सिम ९० दिवस वापरलंच नाही तर कंपनी ते बंद करू शकते, पुढे तोच नंबर दुसऱ्या माणसाला जातो, आणि वाचनालयाचे ओटीपी त्या अनोळखी माणसाच्या फोनवर वाजू लागतात. व्हॉट्सॲपचं खातं १२० दिवस पडून राहिलं तर साधारणपणे पुसलं जातं. गूगल खातं दोन वर्षं कुणी उघडलं नाही तर तेही पुसलं जाऊ शकतं, आतल्या फोटो-फॉर्मसकट. संगणकावर व्हॉट्सॲप जोडून ठेवलं आणि मूळ फोन कपाटात चौदा दिवस बंद राहिला, तर संगणकावरचं आपोआप बाहेर पडतं. गणपतीच्या सुट्टीनंतर ‘काल चालत होतं, आज कोड मागतंय’ अशी तक्रार येते, तिचं कारण बहुतेक वेळा हेच.

व्हॉट्सॲपला सहा आकडी पिन लावायचा, म्हणजे कुणी ओटीपी गोड बोलून काढून घेतला तरी खातं लगेच हातचं जात नाही. फेसबुकवर संस्थेसाठी पेज काढायचं, माणसाचं असतं तसं प्रोफाइल नव्हे. प्रोफाइलला पाच हजार मित्रांची मर्यादा असते, आणि माणूस नसताना माणसाचं खातं काढलं म्हणून ते बंदही पडू शकतं. पेजला पूर्ण अधिकाराची किमान दोन माणसं जोडायची, त्यातला एक कर्मचारी आणि एक कार्यकारिणीतला. कार्यकारिणी बदलली की चाव्या हातात देतात, त्याच दिवशी हेही बदलायचं. पासवर्ड मात्र नोंदवहीत लिहायचा नाही. ती वही तपासणीला सगळ्यांसमोर उघडते. पाकिटात घालून, चिकटवून, जोडावर दोघांच्या सह्या, आणि पाकीट तिजोरीत.

इथपर्यंतचं एका दुपारीत उरकतं. खरा वेळ खाते ती मराठी.

कार्डांच्या काळात लेखकाचं नाव थोडं इकडेतिकडे झालं तरी कार्ड शोधणारा माणूस समजून घ्यायचा. संगणक समजून घेत नाही. वि. स. खांडेकरांनी १९२० ते १९३८ शिरोड्याच्या शाळेत शिकवलं, त्यामुळे दक्षिण कोकणातल्या वाचनालयात त्यांच्या पुस्तकांची रांगच असते. त्या रांगेची नोंद चार वर्षांत चार हातांनी झाली तर यादीत चार लेखक तयार होतात: ‘वि. स. खांडेकर’, ‘वि.स.खांडेकर’, ‘खांडेकर वि. स.’ आणि ‘खांडेकर, विष्णू सखाराम’. टिंबानंतरची एक मोकळी जागा सुटली तरी संगणकाला तो वेगळा गृहस्थ वाटू शकतो. म्हणून पहिलं पुस्तक नोंदवण्याआधी एक पान लिहून भिंतीला लावावं: आडनाव आधी, मग स्वल्पविराम, मग आद्याक्षरं, प्रत्येक टिंबानंतर एकच जागा. टोपणनावाने लिहिणाऱ्यांचं काय, ‘संपादक’ कुठल्या रकान्यात, अनुवादक कुठे, हेही त्याच पानावर. पद्धत कुठलीही ठरवा, पण ठरवा एकदाच.

मग अक्षरं. ‘ॲ’ दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एक अखंड अक्षर म्हणून, दुसरा ‘अ’ला वरून चंद्र जोडून. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाच्या लेखी ती वेगळी. फोनवर एकाने आणि संगणकावर दुसऱ्याने टंकलं की ‘ॲड.’पासून सुरू होणारे निम्मे लेखक शोधात सापडत नाहीत. तीच गत ‘ऱ्य’ची. कोकणात हे उदाहरण हाताशी आहे: दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. रफार दिला तर समुद्र, अर्धा आडवा ‘र’ दिला तर दऱ्या. घाईत ‘दुसर्या’, ‘सार्या’ टंकलेलं वाचणारा चालवून घेतो, शोधणाऱ्याला मात्र शून्य नोंदी दिसतात. संगणकावरच्या इनस्क्रिप्ट या मराठी कळफलकावर यासाठी ‘ऱ’ वेगळं आहे. फोनच्या मराठी कळफलकावर ‘र’ दाबून धरला की बहुधा वर येतं. रोज दहा शब्द, सुऱ्या, वाऱ्यावर, किनाऱ्यालगत, चाकऱ्या असे, आठवडाभर टंकले की बोट बसतं.

जुन्या फाँटचं दुखणं वेगळंच. पंधरा-वीस वर्षांपूर्वी कुणीतरी कळकळीने हजारभर पुस्तकांची यादी टंकून ठेवलेली असते, श्रीलिपीत नाहीतर कृतिदेवमध्ये. ती फाइल आज नव्या संगणकावर उघडली तर इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते. फाइल खराब झालेली नसते. त्या फाँटात मराठी अक्षराचं नुसतं चित्र असे, खाली खरं अक्षर इंग्रजीच. असा फाँट बदलून देणारे परिवर्तक मिळतात, त्यातून ती यादी युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या संगणकाला कळणाऱ्या अक्षरांत, आणता येते, पण जोडाक्षरं, रफार आणि पहिली वेलांटी यांत चुका राहतात, आणि त्या माणसानेच तपासाव्या लागतात. पुन्हा टंकण्यापेक्षा हे काम निम्म्याने तरी कमी, म्हणून जुनी फाइल पुसू नका.

एक्सेलचे दोन खोडसाळपणे इथेच सांगून टाकतो. तेरा आकडी आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावर छापलेला ओळख क्रमांक, भरला की एक्सेल त्याला मोठी संख्या समजतं आणि ‘९.७८’ आणि पुढे घातांक असं काहीतरी दाखवतं. रकान्याला आधी ‘टेक्स्ट’ करायचं, मग आकडे भरायचे. दुसरं, सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी यादी) डबल क्लिक करून उघडली तर मराठीच्या जागी किडे-मुंग्या दिसतात. ती ‘डेटा’मध्ये जाऊन ‘फ्रॉम टेक्स्ट’ने घ्यायची आणि यूटीएफ-८ निवडायचं. त्या किडे-मुंग्यांसकट ‘सेव्ह’ दाबलं तर मात्र मूळ मराठी गेलं असंच समजा. आकडे मराठी की इंग्रजी, हेही आधीच ठरवा. दाखल क्रमांक इंग्रजी आकड्यांत ठेवलेला बरा, कारण बारकोडचं यंत्र तेच वाचतं.

बारकोडवरून एक गैरसमज. पुस्तकाच्या मागच्या पानावर छापलेला बारकोड देवघेवीला चालेल असं वाटतं. नाही चालत. तो आयएसबीएनचा असतो, आणि एकाच पुस्तकाच्या तीन प्रती घेतल्या तर तिन्हींवर तोच. कुठली प्रत कुठल्या सभासदाकडे गेली, हे त्यावरून कळणार नाही. शिवाय जुन्या मराठी पुस्तकांवर आयएसबीएन नसतोच. म्हणून आपलं लेबल, आपल्या दाखल क्रमांकाचं. ते लेसर प्रिंटरवर छापावं. साध्या इंकजेटची शाई आपल्या हवेत पसरते, थर्मल कागदावरची फिकट होत जाते. लेबलावर पारदर्शक पट्टी, आणि लावायचं ते कोरड्या दिवसांत. जुलैत चिकटवलेलं लेबल ऑक्टोबरात कोपऱ्यातून उठतं.

ग्रंथालयाची संगणक प्रणाली कुठली घ्यावी, यावर फार काथ्याकूट नको. कोहा फुकट आहे. न्यूझीलंडमधल्या ग्रंथालयासाठी ते तयार झालं आणि नाव माओरी भाषेतलं, अर्थ ‘भेट’. केंद्र सरकारच्या एनआयसी या संगणक-संस्थेने केलेलं ई-ग्रंथालय आपलं सरकारी. दोन्हींत मराठी चालतं. निवडताना एकच विचारायचं: बिघडलं तर तालुक्यात कोण येऊन बघेल?

त्याहून मोठा प्रश्न नोंदी करायच्या कशा हा. बारा हजार पुस्तकं, दिवसाला पन्नास नोंदी, म्हणजे २४० कामाचे दिवस, आणि तेही दुसरं काही न करता. ग्रंथपाल, निर्गम सहायक, लिपिक, शिपाई अशी पदं कागदावर असतात. ‘ड’ वर्गाच्या, म्हणजे सरकारी वर्गवारीत सर्वांत लहान, वाचनालयात ही सगळी बहुधा एकाच माणसात राहतात. ती व्यक्ती कपाट क्रमांक एकपासून सुरुवात करते, चौथ्या कपाटाला थकते, आणि प्रकल्प तिथेच बसतो. त्यापेक्षा टेबलावर परत आलेलं पुस्तक मांडणीत ठेवण्याआधी नोंदवावं. दिवसाला वीस-पंचवीसच होतील, पण ती वाचकांच्या हातात फिरणारी असतील, आणि दोन-तीन महिन्यांत निम्मी देवघेव संगणकावर आलेली दिसेल. वर्षभरात जे पुस्तक टेबलावर आलंच नाही, त्याची नोंद उन्हाळ्यात निवांत करता येते.

आणि वीज? जून ते सप्टेंबर तिचा भरवसा नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे अंधार होता. तेव्हा टेबलावर कागदी चिठ्ठ्यांचा गठ्ठा हवाच: तारीख, सभासद क्रमांक, दाखल क्रमांक, ‘दिलं’ की ‘आलं’. वीज आल्यावर त्या संगणकात तारखेच्या क्रमाने भरायच्या, आणि एका तारखेच्या भरताना आधी सगळी ‘आलं’, मग ‘दिलं’. उलट केलं तर ज्या पुस्तकाची परती अजून चढलेली नाही ते दुसऱ्याला देता येत नाही, संगणक अडून बसतो, आणि कर्मचारी म्हणतो, ‘सॉफ्टवेअर बिघडलाहा.’ परतीची तारीखही चिठ्ठीवरची टाकायची, आजची नव्हे. नाहीतर वादळाच्या आठवड्याचा दंड सभासदाच्या माथी बसतो आणि दुसऱ्या दिवशी टेबलावर वेगळंच वादळ.

आता माणसांशी बोलण्याचं. बहुतेक वाचनालयं व्हॉट्सॲपचा ग्रुप काढून मोकळी होतात. ग्रुपात प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. वर्गणीच्या पावतीवर विश्वासाने दिलेला सभासद बाईंचा नंबर तीनशे जणांच्या हाती पडतो, हे त्यांना विचारून झालेलं नसतं. शिवाय सकाळी सातला सुप्रभाताची फुलं, नवाला राजकारण, आणि ‘नवी पुस्तकं आली’ हा निरोप त्याखाली गाडला जातो. ब्रॉडकास्ट यादी बरी, तीत एकच निरोप प्रत्येकाला स्वतंत्र जातो, एका यादीत २५६ नंबर. पण निरोप पोचतो तो ज्यांनी वाचनालयाचा नंबर आपल्या फोनमध्ये जतन केलाय त्यांनाच. ‘पाठवतो पण जात नाही’ या तक्रारीचं मूळ हेच. उपाय टेबलावरचाच: वर्गणी घेताना सभासदाच्या फोनमध्ये तिथल्या तिथे नंबर जतन करून द्यायचा. चॅनेल काढलं तर कुणाचाच नंबर कुणाला दिसत नाही, पण उत्तर देता येत नाही. मला विचाराल तर जाहीर निरोपांना चॅनेल, आणि ‘पुस्तक राखून ठेवा’साठी साधा एकास एक निरोप. व्हॉट्सॲपचं बिझनेसवालं ॲप घेतलं तर वेळेबाहेर आपोआप उत्तर जातं: ‘वाचनालय सकाळी ९ ते १२ आणि संध्याकाळी ४ ते ७ उघडं असतं.’ हे एक वाक्य कर्मचाऱ्याची रात्र वाचवतं. फोनलाही टेबलासारखी वेळ असावी. नाहीतर रात्री साडेदहाला कुणीतरी विचारतंच, ‘रहस्यकथा काय नवीन आलंय?’

या साधनांची खरी परीक्षा दिवाळी अंकांच्या दिवसांत होते. १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढणारे का. र. मित्र मूळचे आजगावकर, आणि आजगाव सावंतवाडी तालुक्यातलं, तेव्हा या खटाटोपात कोकणाचा थोडा वाटा आहेच. अंक साठ, सभासद दीडशे, आणि प्रत्येकाला तेच पाच अंक आधी हवेत. गूगल फॉर्मवर पसंतीक्रम घ्यायला सुरेख जमतं, पण तीन ठिकाणी घात होतो. फॉर्मचा संपादनाचा दुवा पाठवला जातो, भरायचा नव्हे, आणि कुणीतरी प्रश्नच पुसून टाकतं. उत्तरांची शीट ‘दुवा असेल त्याला दिसेल’ अशी राहते, आणि सगळ्यांचे नंबर उघड्यावर. मुदत संपल्यावर ‘उत्तरं स्वीकारणं’ बंद करायचं राहतं. पाठवण्याआधी तो दुवा वाचनालयाबाहेरच्या माणसाच्या फोनवर उघडून बघावा. त्याला दिसतं तेच सभासदाला दिसणार. सभासद क्रमांक हा प्रश्न सक्तीचा ठेवावा, नाहीतर तीन ‘सावंत’ आणि कुठला कुठला ते कळत नाही. आणि ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांच्यासाठी टेबलावर कागद, त्याच रकान्यांचा.

फेसबुक-इन्स्टाग्रामवर काय टाकावं? ‘शुभेच्छा’ सोडून काहीही. कपाटावरच्या पुस्तकांचा फोटो खिडकीच्या उजेडात, सकाळी, फ्लॅश न मारता. प्लॅस्टिकच्या वेष्टनावर ट्यूबलाइटची पट्टी उमटते, ती पुस्तक थोडं तिरकं धरलं की जाते. खाली दोन ओळी कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या. ‘हे परवाच चार जणांनी मागितलं’ एवढंही पुरे. यातलं सर्वांत जास्त कोण बघतं? मुंबईचे चाकरमानी. गावच्या शाळेचा जुना फोटो टाकला की कांदिवली-डोंबिवलीतून नावं ओळखायला सुरुवात होते, आणि त्यातूनच पुढे भेटपुस्तकांची पेटी गणपतीला एसटीने येते.

पुस्तकाची पानंच्या पानं फोटो काढून टाकणं मात्र नको. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, मोजणी पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून. पालगडचे साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचं लेखन २०११ पासून मुक्त. खांडेकर १९७६ साली गेले, त्यांचं २०३६ अखेरपर्यंत बांधलेलं. मुखपृष्ठ आणि दोन ओळींचा परिचय यावर सहसा कुणी हरकत घेत नाही.

गूगलच्या नकाशावरची वाचनालयाची खूणही बघावी. वेळ जुनी, फोन मागच्या चिटणीसांचा आणि फोटो शेजारच्या पतसंस्थेचा, हे फार ठिकाणी दिसतं.

शिकवण्याबद्दल. एका दिवसाचं शिबिर, पडद्यावर स्लाइडी, चहा, प्रमाणपत्र. पंधरा दिवसांत सगळं विरतं. कारण पडद्यावर दिसलेलं बटण आपल्या फोनवर त्या जागी नसतं. टिकतं ते असं: वाचनालय उघडण्याआधी अर्धा तास, आठवड्यात दोनदा, एका वेळी एकच काम, आणि फोन शिकणाऱ्याच्या हातात. शिकवणाऱ्याने हात मागे बांधून बसावं, ‘आण इकडे, मी करतो’ म्हणू नये. पायऱ्या शिकणाऱ्याने स्वतःच्या शब्दांत वहीत लिहाव्यात. ‘खालचं हिरवं, मग तीन टिंबं, मग दुसरी ओळ’ असं चालतं, नव्हे तेच चालतं. ॲप बदललं की ती ओळ बदलायची, तारीख टाकून. पुढच्या बैठकीत तेच काम त्यानेच दुसऱ्याला शिकवायचं. शिपाई ग्रंथपालाला शिकवतोय असं दिसलं तर समजावं की बरं चाललंय.

राहिली ती जपणूक. चिपळूणची बाजारपेठ २६ जुलै २००५ ला बुडाली आणि २२ जुलै २०२१ ला पुन्हा. पुस्तक पुन्हा विकत मिळू शकतं, दाखल नोंदवही मिळत नाही. दोनशे पानांची वही उघडून दोन-दोन पानांचा एक फोटो, म्हणजे शंभर फोटो. तीन एमबीचा एक धरला तरी तीनशे एमबी. गूगलच्या फुकट पंधरा जीबीत अशा चाळीस वह्या सहज मावतात. उन्हाळ्यात, वही सपाट ठेवून, वरून, सावली न पाडता. फोटोंची नावं पानाच्या क्रमांकाने, नाहीतर शोधताना शंभरही उघडावे लागतात. एक प्रत ऑनलाइन, एक पेनड्राइव्हवर, आणि तो पेनड्राइव्ह वाचनालयात नव्हे, चढावर घर असलेल्या कार्यकारिणीतल्या कुणाकडे. दरवर्षी मेअखेरीस तो लावून एक पान उघडून बघायचं.

आणि दाखल नोंदवहीच्या मागच्या कोऱ्या पानावर नवे रकाने आखायचे: क्रमांक, खात्याचं नाव, सुरू केल्याची तारीख, कुणी केलं, अधिकार कुणाकडे, ठराव क्रमांक, शेरा. पहिली ओळ सिमकार्डाची. शेऱ्यात: ‘फोन कपाट क्र. ३, वरचा खण. चार्जर सोबत. रिचार्ज दर महिन्याच्या ५ तारखेला. पाकीट तिजोरीत, सह्या दोन.’